शब्दचर्चा: अंडं उकडताना प्रथिनाचं नेमकं काय होतं?

प्रश्न: दहावीच्या मुलांसाठी अंडं उकडण्यावर चार परिच्छेद लिहितोय. उष्णतेने प्रथिनाचं जे होतं त्याला 'विकृतीकरण' लिहिलं, तर घरातल्या पहिल्याच वाचकाने (वय १५) विचारलं, "म्हणजे अंडं खराब झालं?" 'विघटन' चालेल का? शिवाय एकवचनी 'प्रथिन' कानाला जरा विचित्र लागतं. की मलाच तसं वाटतंय?

प्रतिसाद १: एकवचनाला बिचकू नका. आहाराच्या गप्पांत आपण सतत 'डाळीत प्रथिने असतात' म्हणतो, म्हणून अनेकवचन अंगवळणी पडलंय. पण हिमोग्लोबिन हे एक प्रथिन, इन्सुलिन दुसरं. पहिल्यात चार साखळ्या मिळून ५७४ अमिनो आम्लं (म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या कड्या), दुसऱ्यात जेमतेम ५१. शब्द मात्र झकास जुळलाय. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३८ साली मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला सुचवलेल्या 'प्रोटीन'च्या मुळाशी ग्रीक 'पहिला' आहे, आणि 'प्रथिन' म्हणताच आपल्याला 'प्रथम' ऐकू येतो. हिंदीवाले प्रोटीनवरच थांबले.

प्रतिसाद २: 'विघटन' अजिबात नको. विघटन म्हणजे तुकडे होणं, आणि ते होतं पोटात, पेप्सिनसारख्या विकरांमुळे (एन्झाइममुळे). अंड्याच्या पांढऱ्यात सगळ्यात जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची साखळी. उकळत्या पाण्यात ती साखळी तुटत नाही, तिची वेटोळी सुटतात. आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळ्यांना चिकटतात. त्याचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं, उजेड आरपार जायचा थांबतो, म्हणून पांढरं दिसतं. मी तर सरळ 'घडी मोडणे' लिहीन. नव्या साडीची घडी मोडली म्हणून कुणी साडी फाटली म्हणत नाही.

प्रतिसाद ३: उपमा छान, पण साडीची घडी पुन्हा घालता येते. उकडलेलं अंडं कच्चं करून दाखवा!

प्रतिसाद २: घडी परत बसते की. अॅन्फिन्सेन या शास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज या विकराची घडी युरिया वगैरे घालून मोडली, ती रसायनं काढून घेतल्यावर ती आपसूक परत बसली आणि विकर पुन्हा कामाला लागलं. घडी कशी घालायची ते साखळीतल्या क्रमातच लिहिलेलं असतं, हे त्यावरून कळलं. १९७२ च्या नोबेलमध्ये याच कामासाठी त्याचा वाटा होता. अंड्यात अडचण एवढीच की हजार साड्या मोडून एकमेकींत गुंतल्यात.

प्रतिसाद ४: अंड्याऐवजी खरवस घ्या ना. आमच्याकडे पहिल्या दिवसाचा चीक (गाय व्यायल्यावरचं दाट दूध) आला की आई त्यात भरपूर दूध घालायची, तिसऱ्या दिवसाच्या चिकात अगदी थोडं. गूळ, वेलची, कुकरची शिट्टी काढून वाफवायचं, आणि गार झाल्यावर सुरी फिरवली की वड्या. साधं दूध तासभर उकळलं तरी वड्या का पडत नाहीत? कारण साध्या दुधात १०० ग्रॅमला ३.३ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, त्यातलं चार-पंचमांश केसीन. केसिनाला मोडण्यासारखी पक्की घडीच नाही, त्यामुळे ते उष्णतेला दाद देत नाही. चिकात वासराला रोगांपासून जपणारी इम्युनोग्लोब्युलिनं ही प्रथिनं ठासून भरलेली असतात, त्यांची घडी मोडते आणि खरवस धरतो. दिवसागणिक ती झपाट्याने कमी होतात, म्हणून आईचं ते प्रमाण. (चायना ग्रास घालून केलेल्याला मी खरवस म्हणत नाही. त्यात प्रथिनाची घडीबिडी काही नाही.)

प्रश्नकर्ता: म्हणजे दही लागतं तेव्हाही घडी मोडते असं लिहू नये?

प्रतिसाद ४: नका लिहू. केसिनाच्या गोळ्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना लांब ठेवतात. विरजणातल्या जिवाणूंनी आम्ल केलं की तो भार जातो आणि गोळ्या बिलगतात. लिंबू पिळून दूध नासवतो तेव्हाही तेच, फक्त घाईघाईत, म्हणून चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. दही 'लागतं' आणि दूध 'नासतं', दोन क्रियापदं उगाच नाहीत.

प्रतिसाद २: यात 'रक्त साकळणे' ओढू नका म्हणजे झालं. तिथे थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचे छोटे तुकडे खरोखर कापून टाकतं, मग उरलेल्याचे धागे विणले जातात. आधी कापणं, मग विणणं. तुमच्या चार परिच्छेदांत ते मावणार नाही.