दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना वीस महिन्यांच्या मुलाची झोप आणि खाणे कसे सांभाळावे?

इंदिरानगरची आई

नमस्कार. यंदाची दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आम्ही पंचवटीत, सासरच्या घरी करणार आहोत. पुण्याच्या आणि ठाण्याच्या नणंदा मुलाबाळांसह येतील, गावाहून आजेसासूबाई येतील, आणि फराळाला येणारे-जाणारे ते वेगळेच. असे भरलेले घर मला मनापासून आवडते आणि माझ्या मुलालाही त्याची गोडी लागावी, असे वाटते. परंतु तो अवघा वीस महिन्यांचा आहे आणि दुपारची झोप बुडाली की संध्याकाळभर कुणाच्याच हातात राहत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवते आहे.

तो दुपारी एक ते तीन झोपतो आणि रात्री साडेआठच्या सुमारास पुन्हा झोपतो. दिवाळीत नेमकी दुपारी एकला पंगत बसते आणि रात्री साडेआठला गल्लीत फटाक्यांचा भर असतो. शिवाय नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला उठवून त्याला अभ्यंगस्नान घालावे, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. मागच्या दिवाळीत तो आठ महिन्यांचा होता. पाटावर बसून ओवाळून घेण्याइतका मोठा तो यंदाच झाला आहे. त्यांची हौस मला कळते आणि ती मोडावी, असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरी काळजी खाण्याची आहे. आम्ही त्याला अजून साखर दिलेली नाही. घरात मात्र येणारा प्रत्येक जण प्रेमाने त्याच्या हातावर काही ना काही ठेवणार, आणि ‘एवढ्याशा लाडवाने काय होते’ या वाक्यापुढे माझे काही चालत नाही. तिसरी गोष्ट अशी, की वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसांनी एकदम उचलून घेतले की तो किंचाळून रडतो, आणि मग ‘याला माणसांची सवयच नाही’ असे ऐकावे लागते.

मुलाला वेगळ्या खोलीत घेऊन बसणे हा मार्ग मला नको आहे. कुणाचे मन न दुखावता आणि मुलाचे हाल न होऊ देता हे पाच-सहा दिवस कसे निभवावेत, हे ज्यांनी एकत्र कुटुंबात केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

देवळालीची आजी

मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन, म्हणून एकेरीत लिहिते. पहिली गोष्ट, हे सारे बोलणे तू करू नकोस, तुझ्या यजमानांनी आपल्या आईशी आणि बहिणींशी करावे, आणि तेही वसुबारसेच्या आधी, निवांत वेळी. मुलाने आईला सांगितले तर ती गोष्ट काळजीची ठरते; तीच सुनेने भरल्या पंगतीत सांगितली तर अडवणूक वाटते. हे न्याय्य नाही, हे मलाही कळते, पण सणाच्या तोंडावर न्यायनिवाडा करण्यापेक्षा काम पार पडणे महत्त्वाचे.

अभ्यंगस्नानाचे म्हणशील, तर त्यातले मुख्य काय आहे ते बघ. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातचे तेल, उटणे, पाटाभोवतीची रांगोळी आणि औक्षण. मोठ्यांनी हवे तर साडेचारला उठावे. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो; त्यामुळे मूल सहाला आपणहून जागे झाले, तर त्याचेही स्नान उजाडण्यापूर्वीच होते आणि सासूबाईंची इच्छाही पुरी होते. नाशिकची पहाट त्या सुमारास गार असते. न्हाणीघरात आधी गरम पाणी ओतून वाफ धरू द्यावी, तेल कोमट करावे, आणि पंचा दाराबाहेर न ठेवता हाताशी ठेवावा. उटणे कोरडे चोळू नये. ते दुधात किंवा सायीत कालवून फक्त हातापायांना लावावे, तोंडाला नको, आणि एक दिवस आधी मनगटावर थोडे लावून पाहावे. कारीट त्याच्या बाबांनी फोडावे आणि त्याने ते पाहावे. ते फळ अतिशय कडू असते आणि या वयाची मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून फोडून झाले की लगेच उचलून टाकावे.

लक्ष्मीपूजनाची अडचण तुला वाटते तेवढी नाही. पूजा प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर करायची असते, आणि त्या दिवसांत आपला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुहूर्त दरवर्षी वेगळा असतो हे खरे, पण पंचांगात पाहून तो लवकरचा असेल, तर गुरुजींना आधीच सांगून ठेवावे. पूजा सातपर्यंत आटोपली की मुलाचे जेवण सव्वासातला होते आणि आठला त्याला आत नेता येते. पंगतीचेही तसेच. त्याचा वरणभात साडेबाराला वेगळा भरवावा, म्हणजे पंगत बसेल तेव्हा तो झोपलेला असेल आणि तुलाही शांतपणे चार घास मिळतील.

आजेसासूबाई येणार आहेत, हे तुझे भाग्य समज. ‘हे देऊ नका’ असे दहा जणांना सांगण्यापेक्षा मुलाला काय भरवायचे, ते सगळे त्यांच्या स्वाधीन कर. एका डब्यात दुधात भिजवलेल्या कणकेची बिनगुळाची दशमी, वाफवलेले रताळे, केळे असे ठेवावे आणि ‘त्याला तुम्हीच भरवायचे, दुसऱ्या कुणाच्या हातचे नको’ असे त्यांना सांगावे. त्यानंतर मुलाच्या हातावर लाडू ठेवायला कोण धजतो ते मी पाहते. ज्येष्ठ माणसाला काम नेमून दिले की ते आपण करणार नाही इतक्या काटेकोरपणे करतात, हा माझा अनुभव आहे.

बालविभागातली परिचारिका

आजींनी माणसांचा भाग फार नेमका सांगितला आहे. मी मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून केवळ धोक्यांविषयी लिहिते. ताई, यातले काही वाचून घाबरू नका, पण घरातल्या प्रत्येकाला हे अवश्य वाचून दाखवा.

साखरेपेक्षा मला चिवड्याची जास्त भीती वाटते. दोन वर्षांखालील मुलाला वरून घातलेली साखर देऊ नये हे बरोबरच आहे, पण चुकून खाल्लेल्या लाडवाच्या घासाने अपघात होत नाही. चिवड्यातला अख्खा शेंगदाणा, डाळं, खोबऱ्याचा काप किंवा काजू मात्र श्वासनलिकेत अडकू शकतो, कारण या वयात चावायच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात आणि मूल तोंडात घास घेऊनच पळते. अख्खे दाणे आणि सुकामेवा मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत देऊच नयेत. फराळाची ताटे टीपॉयवर ठेवली जातात, ती नेमकी त्याच्या हाताच्या उंचीवर येतात; यंदा ती जेवणाच्या उंच टेबलावर ठेवावीत आणि सतरंजीवर सांडलेले दाणे लगेच वेचावेत. खाताना जोराचा ठसका लागून मूल नंतर शांत झाले, तरी पुढे खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर ‘गारठ्याने झाले असेल’ म्हणून थांबू नये. दाणा आत राहिलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हल्ली तेलाच्या पणत्यांऐवजी बॅटरीवरच्या पणत्या लावतात, आणि आग नाही म्हणून त्या मुलांच्या हातात खुशाल दिल्या जातात. त्यांच्या तळाशी बटणासारखा चपटा, चकचकीत सेल असतो. पुष्कळशा स्वस्त पणत्यांच्या झाकणाला स्क्रू नसतो. ते नखाने सरकते, आणि पणती फरशीवर आपटली की सेल सुटून बाहेर घरंगळतो. गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतला भाग भाजू लागतो, आणि सुरुवातीला मूल केवळ लाळ गाळते किंवा खायला नको म्हणते, बाकी काही दिसत नाही. नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, आणि एक्स-रे व दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. स्क्रू नसलेल्या पणत्यांच्या तळाला चिकटपट्टी लावून त्या उंच ठेवाव्यात. खरे तर लहान मूल असलेल्या घरात त्या आणूच नयेत, असे माझे मत आहे. कोनाड्यात उंचावर ठेवलेली तेलाची पणती निदान सर्वांना दिसते आणि सगळे तिला जपतात.

फटाक्यांविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्री फटाक्यांसाठी ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. म्हणजे सगळा जोर तुमच्या मुलाच्या झोपेच्याच वेळी असणार. रस्त्यापासून आतल्या बाजूची खोली निवडावी, खिडक्या लावून घ्याव्यात आणि पंख्याचा एकसारखा आवाज चालू ठेवावा. कानांत कापसाचे बोळे खोल घालू नयेत. फुलझडी विझली तरी तिची तार बराच वेळ तापलेली असते आणि अंगणात अनवाणी फिरणाऱ्या मुलाचा पाय नेमका त्यावरच पडतो, म्हणून विझलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली ठेवावी आणि तिच्यावर मोठ्या मुलांपैकी एकाला नेमावे. मूल मात्र त्या बादलीपासून दूरच असावे. भाजलेच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

मखमलाबादचा बाबा

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही थोडे वेगळे सांगावेसे वाटते. सगळे वेळापत्रक पाचही दिवस जसेच्या तसे राहील, अशी अपेक्षा ठेवली तर त्या ओझ्याने आईच सणाला मुकते. आमच्या घरी आम्ही दुपारची झोप कोणत्याही परिस्थितीत राखतो आणि रात्रीच्या झोपेला एखाद्या दिवशी तासभर उशीर झाला, तर तो मान्य करतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती बेरीज साधली की पुरे. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला मात्र आम्ही मुलीला उठवून नेत नाही. आम्हा दोघांपैकी एक जण जातो, दुसरा घरी थांबतो, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलते.

अनोळखी माणसांना पाहून रडण्याविषयी. या वयात आपले कोण आणि परके कोण हे मुलाला कळू लागलेले असते, म्हणूनच ते रडते. त्यात सवयीचा किंवा संस्काराचा दोष नाही. नणंदांना एवढेच सांगावे, की आल्या आल्या उचलून न घेता जमिनीवर बसावे, त्याच्याकडे न पाहता वाटी-चमचा किंवा चेंडू घेऊन खेळू लागावे. माझ्या बहिणीने हे केले, तेव्हा आमची मुलगी आधी माझ्या पायाआडून पाहत राहिली, मग सरकत सरकत आली आणि आत्याच्या बांगड्या फिरवत बसली. घाई केली नाही, तर मुले आपणहून येतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास आजोबांबरोबर गोदाकाठी किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी ठेवावी. घरातल्या गलबल्यातून त्याला थोडी मोकळीक मिळते आणि दुपारी झोपही चांगली लागते.

आणि एक विनंती: गर्दीत मूल गप्प राहावे म्हणून कुणी मोबाइल पुढे करू लागले, तर तेवढे मात्र ठामपणे थांबवा. दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल वगळता पडदा दाखवूच नये, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना आहे. घरात चार भावंडे खेळायला असताना त्याची गरजही पडत नाही. आमच्याकडे मोठी मुले किल्ला करतात तेव्हा धाकटीला ओल्या मातीचा वेगळा ढीग दिला जातो आणि माती तोंडात जाऊ नये म्हणून एक मोठे माणूस शेजारी बसते.

इंदिरानगरची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तळाशी चपटा सेल असलेल्या पणत्या आमच्या घरी मागच्या वर्षीच्याच ठेवलेल्या आहेत. त्या आज माळ्यावर गेल्या. पहाटे सहाच्या स्नानाची कल्पना यजमानांनी सासूबाईंच्या कानावर घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, की मग बाळाचे तेल-उटणे आजेसासूबाईंच्या हातून होऊ दे. हे तर मला सुचलेही नव्हते.

एक प्रश्न उरतो. भाऊबीजेला दुपारी माझ्या भावाकडे संगमनेरला जायचे आहे. नेमकी तीच मुलाची नेहमीची झोपेची वेळ आहे. काय करावे?

मखमलाबादचा बाबा

त्याला साडेबाराला हलके जेवण भरवा आणि एकच्या ठोक्याला निघा. सिन्नरमार्गे जाताना वाहनांच्या गर्दीने थोडा उशीर झाला, तरी बहुतेक रस्ता तो झोपेतच काढेल. मागच्या आसनावर मुलांची स्वतंत्र खुर्ची बसवून त्याला पट्ट्याने बांधा. मांडीवर घेऊन बसणे सुरक्षित नाही, मग ते पुढे असो वा मागे. भरवल्याबरोबर लगेच दूध देऊ नका, वळणांवर उलटी होते. ओवाळणी तो जागा होईल तेव्हा, साडेतीन-चारला करू, असे भावाला आजच कळवून ठेवा, म्हणजे वहिनी ताट घेऊन वाट पाहत थांबणार नाहीत. आणि शक्य असेल, तर त्या रात्री तिथेच मुक्काम करा. दमलेल्या मुलाला अंधारात परत आणण्यापेक्षा मामाच्या घरी झोपवणे सर्वांनाच सोपे जाईल. त्याचे नेहमीचे पांघरूण तेवढे आठवणीने बरोबर घ्या.