मानेला इजा झालेल्या भावाची नाडी व्यायामातही ११२ च्या वर जात नाही. हृदयाला व्यायाम होतो आहे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)
माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. विहिरीत सूर मारताना मानेच्या सी-६ पातळीवर (मानेकडील सहाव्या भागात) त्याच्या मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. खांदे आणि कोपर चालतात, मनगट वर उचलता येते, बोटांना मात्र पकड नाही. टेबलावर ठेवायची हाताची सायकल तो सायकलच्या मुठींना तळवे क्रेप बँडेजने बांधून घेऊन फिरवतो. त्याला धाप लागते, बोलताना वाक्य तुटते, तरी नाडी ११२ च्या आसपासच अडते. '२२० वजा वय' या कमाल नाडीच्या हिशेबाने व्यायामात ती १५० च्या पुढे जायला हवी, असे जिममध्ये शिकवणारा आमचा एक नातेवाईक सांगतो. नुकत्याच केलेल्या तपासणीत एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) कमी आणि उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर आल्याने काळजी वाढली आहे. आई-बाबांच्या मते रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट पाय हलवून देतात, तेवढा व्यायाम पुरेसा आहे. त्याचे हृदय कमजोर झाले आहे का, आणि नाडीवर विसंबायचे नाही तर व्यायाम मोजायचा कशाने?

फिजिओ_पुणे
ताई, केवळ नाडी ११२ वर थांबते म्हणून हृदय कमजोर आहे असे म्हणता येणार नाही. हृदयाचा वेग वाढवणारे सिंपथेटिक चेतातंतू मज्जारज्जूच्या छातीकडील वरच्या भागातून, साधारण टी-१ ते टी-५ (टी म्हणजे छातीकडील भाग) या पातळ्यांतून निघतात, आणि मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच सी-६ ला अडतो. व्हेगस हा चेतातंतू मात्र मज्जारज्जूला वळसा घालून मेंदूकडून थेट हृदयाकडे जातो. व्यायाम करताना तो आपला लगाम सैल सोडतो आणि मुख्यतः तेवढ्यावरच वेग वाढतो. त्यामुळे मानेच्या पूर्ण इजेत कमाल नाडी बहुधा ११० ते १३० च्या दरम्यान राहते. '२२० वजा वय' हे सूत्र येथे लागू होत नाही.

मोजमाप श्रमाच्या जाणिवेने करावे. शून्य म्हणजे विश्रांती आणि दहा म्हणजे शक्तीची परिसीमा धरली, तर पाच-सहा हा मध्यम श्रम होय. त्या वेळी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे मध्यम ते जोरदार श्रमाचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला दोनदा ताकदीचा व्यायाम करावा; साखर, चरबी आणि हृदय यांच्यासाठी आठवड्यातून तीनदा किमान ३० मिनिटे द्यावीत. यातील दुसऱ्या शिफारशीमागचा पुरावा पहिल्याइतका भक्कम नाही, हेही सांगायला हवे.

आई-बाबांना एवढेच समजावा की पाय हलवून देणे सांधे आखडू नयेत म्हणून आवश्यकच आहे, परंतु त्यात स्नायू स्वतः काम करत नसल्याने हृदयावर फारसा भार येत नाही.

चाकाची_खुर्ची
माझी इजा टी-४ ची आहे. वरील उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब अचानक धोकादायक चढण्याचा, धोका असतो. मूत्राशय तुंबले, लघवीच्या नळीला पीळ बसला, शौच अडले किंवा पट्टा मांडीत रुतला, तर इजेखालच्या भागाची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत नाही, पण रक्तदाब मात्र झपाट्याने चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो आणि नाडी बऱ्याचदा मंदावते. अशा वेळी व्यायाम तत्काळ थांबवून ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे-पट्टे सैल करावेत आणि सर्वप्रथम लघवीची नळी पाहावी. माझी नळी एकदा मांडीच्या पट्ट्याखाली दबली होती, आणि मी मात्र डोकेदुखीचा दोष उन्हाला देत बसलो होतो. काही खेळाडू कामगिरी वाढवण्यासाठी ही अवस्था मुद्दाम ओढवून घेत, म्हणून पॅरालिम्पिक स्पर्धांत त्यावर बंदी आहे.

कृष्णाकाठ
दोघांचेही आभार. आणखी एक विचारते: सायकल थांबवली की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पत्र्याच्या घरात दुपारी तो फार तापतो. काय करावे?

फिजिओ_पुणे
पायांतील रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत, रक्त खाली साचते आणि दाब उतरतो. म्हणून एकदम थांबू नये. शेवटची पाच मिनिटे सायकल सावकाश फिरवावी, भरल्या पोटी व्यायाम टाळावा आणि पोटाला आवळून बांधायच्या पट्ट्याविषयी डॉक्टरांना विचारावे. अंधारी आलीच तर मागे भक्कम आधार देऊन खुर्ची तिरकी करावी. मानेच्या पूर्ण इजेत शरीराच्या फार मोठ्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे वेळ सकाळची ठेवावी, पंखा लावावा आणि हातांवर, मानेवर पाण्याचा फवारा मारत राहावे. खांदे दुखू लागल्यास सायकल रेटू नका. त्याला आयुष्यभर खांद्यांवरच भिस्त ठेवायची आहे.

डॉ_एम_डी
वजनाबाबत एक सूचना करतो. अशा रुग्णांत स्नायू घटून चरबी वाढलेली असते, म्हणून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२ च्या पुढे गेला तरी तो जादा समजावा असे सुचवले जाते. दुसरे म्हणजे त्याचा नेहमीचा बसलेला रक्तदाब आताच काही दिवस मोजून लिहून ठेवा. मानेच्या इजेत वरचा आकडा बऱ्याचदा ९० ते ११० असतो, आणि स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तो २० ते ४० ने चढला तरी डिसरिफ्लेक्सियाची शंका घ्यावी लागते. इतरांसाठी तो ठीकच असल्याने जवळच्या दवाखान्यात १३० हा आकडा कोणालाच खटकणार नाही. म्हणून त्याचा नेहमीचा आकडा, इजेची पातळी आणि 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हे शब्द एका कार्डावर लिहून ते खुर्चीच्या खिशात ठेवा.