प्रति: सेबल बेटावरचे घोडे

कॅनडाच्या सेबल बेटावर बुडालेल्या जहाजांवरून घोडे पोहत आले, हे वर कुणीतरी लिहिलंय. गोष्ट झकास, पण पुरावा वेगळं सांगतो. बॉस्टनचा व्यापारी थॉमस हॅनकॉक याने १७६० च्या सुमारास अकेडियन लोकांची, म्हणजे ब्रिटिशांनी पूर्व कॅनडातून हद्दपार केलेल्या फ्रेंच वंशाच्या वसाहतकऱ्यांची, जनावरं तिथे नेऊन सोडली. आजचे घोडे मुख्यतः त्यांचेच वंशज मानले जातात. सोबत गाई-मेंढ्याही होत्या, त्या काही टिकल्या नाहीत.

पाण्याचं मात्र कुणीच बोललं नाही. चाळीसेक किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी, चहूबाजूंनी अटलांटिक, मग ही जनावरं पितात काय? पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पश्चिमेकडे गोड्या पाण्याची तळी आहेत. जिथे ती नाहीत, तिथे आपल्याकडे उन्हाळ्यात नदीपात्रात झिरा खणतात तसा घोडे खुरांनी वाळू उकरून पाणी काढतात. खायला मुख्यतः वाळूतलं मॅरम गवत. घासाबरोबर वाळू जाते, दात झिजतात आणि म्हातारी जनावरं त्यानेच खंगतात. कायद्याने संरक्षण आहे, म्हणजे माणसाने मध्ये पडायचं नाही; त्यामुळे चारा नाही की औषधपाणी नाही. मला हे थोडं क्रूर वाटतं, पण पटतंही.