तरातरा आणि झपझप एक नव्हे
'तरातरा चालणं म्हणजे झपझप चालणंच' असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. झपझप चालणाऱ्याला कुठेतरी पोचायचं असतं. तरातरा जाणारा बहुधा कुठूनतरी निघालेला असतो, तेही फणकाऱ्याने. परवा ठाणे स्टेशनच्या पुलावरून एक काकू जलद लोकलसाठी झपझप उतरत होत्या. गाडी डोळ्यांदेखत सुटली. इंडिकेटरकडे जळजळीत नजर टाकून त्या तरातरा धीम्या गाडीच्या फलाटाकडे गेल्या. वेग तोच, शब्द बदलला! नुकतं चालायला लागलेलं पोर मात्र तुरुतुरुच.

(जाता जाता: गाडीचा 'जलद' फारसी 'जल्द'वरून आलाय. संस्कृतातला जलद म्हणजे ढग. जुलैत आमच्या फलाटावर दुसराच आधी येतो.)