मदत हवी आहे : बुरशीचा विषाणू युरोपात चालला, अमेरिकेत का नाही?

नमस्कार मंडळी,

वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी करतेय. सोमवारी सेमिनार आहे, विषय चेस्टनटच्या (खाण्याजोगी फळं देणारं एक जंगली झाड) झाडांवरची बुरशी आणि त्या बुरशीला होणारा विषाणू. एका ठिकाणी अडलेय.

समजलंय ते असं. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका ही बुरशी जखमेतून सालीत शिरते, खोडाभोवतीची साल मारते आणि वरचं झाड वाळतं. १९०४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर दिसली आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट गेले. १९३८ मध्ये इटलीत जेनोव्हाजवळ सापडली. तिथेही सगळं संपणार असं वाटत असताना वनस्पती रोगतज्ज्ञ बिरागी यांना काही झाडांचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. पुढे फ्रान्समध्ये संशोधक ग्रांत यांनी त्या व्रणांतली बुरशी वाढवली, तर नेहमीच्या नारिंगीऐवजी पांढरी! विषाणूमुळे बुरशीच आजारी होती, म्हणून झाड वाचत होतं. हे वाचून अंगावर काटा आला.

मग हीच आजारी बुरशी अमेरिकेतल्या झाडांना लावली, तर ती पसरली का नाही? सर हे विचारणारच. शिवाय आपल्या हरभऱ्याच्या मर रोगावर असं काही होईल का, हेही.

प्रतिसाद १
या विषाणूला स्वतःचं कवच नाही, त्यामुळे तो बाहेरून बुरशीत शिरू शकत नाही. दोन बुरश्यांचे तंतू एकमेकांत जुळले तरच तो पलीकडे जातो. जुळणं ठरवणारी निदान सहा जनुकस्थानं (जनुकांच्या जागा) आहेत. त्यांत फरक असला की जुळलेल्या पेशी मरतात आणि विषाणू बहुधा अलीकडेच अडकतो. युरोपात बऱ्याच भागांत बुरशीचे असे एकमेकांशी न जुळणारे मोजकेच प्रकार आहेत, अमेरिकेत पुष्कळ. त्यात लैंगिक बीजाणूंत (दोन बुरश्यांच्या संकरातून होणाऱ्या बीजाणूंत) हा विषाणू उतरत नाही, म्हणजे वाऱ्यावर जाणारी ती पिढी निरोगीच जन्मते. सेमिनारमध्ये हा मुद्दा सोडू नका, बहुतेक जण सोडतात. २०१६ मध्ये झांग आणि नस या संशोधकांनी यातली चार जनुकस्थानं निकामी करून, न जुळणाऱ्या प्रकारांनाही विषाणू देऊ शकणारी बुरशी तयार केली, तेही सांगा.

हरभऱ्याची मर मातीतून येते, तिथे तंतूंपर्यंत पोचणंच अवघड. शेतकऱ्याला आज सांगायचं ते ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया आणि विजय, दिग्विजयसारखे वाण.

धागाकर्ती
खूप आभार! लैंगिक बीजाणूंचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. त्याची वेगळी स्लाइड आजच करते.