सीट वर घेतल्यावर गुडघा सुधारला, पण करंगळी बधिर होऊ लागली – मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय 46, उंची 171 सेंटिमीटर आणि वजन 78 किलो आहे. पुण्यात राहतो. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा पहाटे बोपदेव घाट किंवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो आणि महिन्यातून एकदा शंभर किलोमीटरच्या पुढची राईड करतो. सायकल साधी, अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक आहे. फ्रेमचे माप 54, पुढच्या चकत्यांना 50 आणि 34 दाते, मागच्यांना 11 ते 28 आणि टायर 25 मिलिमीटर रुंदीचे. यंदाच्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करण्याची इच्छा आहे आणि तिच्याच तयारीत ही अडचण उभी राहिली आहे.

सुरुवातीची दोन वर्षे तक्रार उजव्या गुडघ्याची होती. घाट चढताना वाटीच्या खाली, अगदी समोर दुखत असे. सायकल घेतली तेव्हा दुकानातील मुलाने मला सीटवर बसवून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात की नाही एवढेच पाहिले होते आणि मीही ते निमूटपणे मान्य केले. पुढे एका अनुभवी सायकलस्वाराच्या सांगण्यावरून भिंतीला पाठ लावून, जाड पुस्तक जांघेत घट्ट धरून पायाची आतली लांबी मोजली. ती 80 सेंटिमीटर भरली. तिला 0.883 ने गुणले की क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर 70.6 येते, माझ्या सायकलवर ते 68.5 होते. दर आठवड्याला पाच मिलिमीटर या हिशेबाने महिनाभरात सीट दोन सेंटिमीटर वर घेतली आणि गुडघ्याचे दुखणे जवळजवळ थांबले.

आता करंगळी आणि अनामिका, दोन्ही हातांची पण डावीकडे अधिक, साधारण साठ किलोमीटरनंतर बधिर होतात. गेल्या महिन्यात वाईला जाऊन परत आलो, तेव्हा खंबाटकी घाट चढून उतरेपर्यंत काही जाणवले नाही. मात्र सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तर पाकिटातून दहाचे नाणे काढता येईना. शेवटी पाकीटच चहावाल्याच्या हातात दिले. घरी आल्यावर शर्टाची बटणे लावताना तीच गत, आणि मुंग्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिल्या. डॉक्टरांच्या मते तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जाणाऱ्या अल्नर नर्व्हवर दाब येत आहे. सायकल बंद ठेवली की त्रास पूर्ण जातो, त्यामुळे आधी सायकलची मापे तपासून घ्या, असे त्यांनी सांगितले.

माझा तर्क असा आहे की सीट वर गेली, हँडल होते तिथेच राहिले, म्हणजे दोहोंमधला उतार दोन सेंटिमीटरने वाढला आणि शरीराचा भार हातांवर आला. शिवाय सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, मीच मध्यंतरी थोडे खाली झुकवले होते, कारण पुढच्या बाजूला रुतत होते. काल त्यावर शेजारच्या गवंड्याची लेव्हल ठेवली, तर बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन बसला! म्हणजे मी तीन-चार तास सतत पुढे घसरत असणार आणि हातांनी स्वतःला मागे रेटत असणार.

आतापर्यंत केलेले उपाय सांगतो. जेल असलेले हातमोजे घेतले. त्रास अर्धा तास उशिरा सुरू होतो, इतकेच. टायरमधली हवा 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवत असे, ती पुढे 80 आणि मागे 90 केली, आणि काँक्रीटच्या रस्त्यावरील सांध्यांचे धक्के बऱ्यापैकी कमी झाले. याचा उपयोग हातमोजे बदलण्यापेक्षा निश्चित अधिक झाला. 28 मिलिमीटरचा टायर घालावासा वाटतो, पण ब्रेक आणि टायर यांच्यात जेमतेम चार मिलिमीटरची फट आहे.

आता नेमके विचारायचे आहे ते असे. सीट सपाट करणे तर आजच करणार आहे. पण त्याबरोबरच स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) वर असलेले दोन स्पेसर, म्हणजे उंची भरणाऱ्या कड्या, खाली घालून हँडल उंच करावे, की 100 मिलिमीटरचा स्टेम काढून 80 चा बसवावा? दोन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून क्रम हवा आहे. स्टेम आखूड केल्याने उतारावर हँडल चंचल होते असे ऐकतो. घाट उतरताना ते खरोखर जाणवते का? आणि ज्यांच्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) जुन्या फ्रेममध्ये इतकीच फट होती, त्यांचा 28 चा टायर चिखलपाण्यात घासला का? सीट पुन्हा खाली घेण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. गुडघ्याचे ते दुखणे मला परत नको आहे.

आज सीट सपाट केल्यावर, सायकलवर बसलेल्या स्थितीतील, बाजूने काढलेली छायाचित्रे उद्या इथेच टाकतो.