मदत हवी आहे: अ‍ॅपमध्ये लॉगिन होत नाही, तातडीचे

पावसचा_बागवाला (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)
कालपासून लॉगिन होत नाहीये. बटण दाबलं की खाती दिसतात, माझं निवडलं की गोल फिरतं आणि परत पहिल्याच पानावर. वीस वेळा केलं. फोन बंद-चालू केला, रेंजसाठी वर सड्यावर जाऊन आलो. सगळ्या नोंदी आत अडकल्यात, उद्या पहाटे गाडी भरायची आहे. कॅशे क्लियर करा असं सांगू नका, केलंय.

निवांत_नाना
कुठलं अ‍ॅप? कुठला फोन? गाडी कसली?

टेकसॅव्ही_चिपळूण
सेटिंगमध्ये जाऊन कॅशे क्लियर करून बघा.

पावसचा_बागवाला
वरचं वाचायची तसदी घ्या की राव. आंब्याच्या पेट्यांचं अ‍ॅप आहे, गिऱ्हाईक, पत्ता, पाच डझनी की सहा डझनी, पैसे आले की नाही, सगळं त्यात. भाच्याने बनवलंय. अजून बाहेर आलेलं नाही, आम्हा १२-१३ जणांना वापरून बघायला दिलंय. त्याची परीक्षा चालू आहे, फोन उचलत नाही.

घड्याळजी
फोनची वेळ आपोआप वर आहे का बघा. ऑथेंटिकेटरचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, घड्याळ मागे-पुढे असेल तर बरोबर कोडही चालत नाही. मी स्वतः दोन दिवस यात घालवलेत.

पावसचा_बागवाला
कोड विचारतच नाही हो. गुगलने लॉगिन आहे.

घड्याळजी
तरी वेळ तपासा.

मालवणी_मासो
आमच्या आज्यान ४० वर्सा वहीत हिशेब ठेवल्यान. वहीक पासवर्ड लागना नाय.

आयफोनवाली_अलिबाग
आयफोन घ्या, असले प्रकार नाहीत.

निवांत_नाना
ताई, तिकडेही टेस्टफ्लाइटवरचं चाचणीचं अ‍ॅप ९० दिवसांनी आपोआप बंद पडतं. ऐन हंगामात पडलं तर काय करायचं? कच्चं अ‍ॅप ते कच्चंच. मुळात चाचणीच्या अ‍ॅपवर धंद्याच्या खऱ्या नोंदी टाकायच्याच कशाला?

पावसचा_बागवाला
खोट्या नोंदी टाकून काय कळणार त्याला? आणि फुकट राबतोय आम्ही. आता चाचणीतून बाहेरच पडतो, पुरे झालं.

कोडकरीण
थांबा, बाहेर पडू नका. भाच्याचं प्लेस्टोअरचं खातं नवीन आणि वैयक्तिक असेल तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करायची परवानगी मागण्याआधी किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीत असावे लागतात. दोघंतिघं रागावून गेले की त्याची गणती अडकते.
आता हे सांगा: परवापर्यंत चालत होतं ना? मग मध्ये काय बदललं? आणि पडद्यावर एखादा आकडा दिसतो का?

पावसचा_बागवाला
आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली होती, ती छान चालत होती. रविवारी म्हणाला आता प्लेस्टोअरच्या लिंकवरून घे. जुन्यावर चढेना, म्हणून जुनं काढून टाकलं. हो, खाली बारीक अक्षरात १० येतंय.

कोडकरीण
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत!
तुमची काही चूक नाही. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलवर भाच्याची सही होती, प्लेस्टोअर मात्र त्यावर स्वतःकडच्या चावीने सही करून देतं. सह्या वेगळ्या म्हणून एकावर एक चढलं नाही. गुगल लॉगिनला त्या नव्या सहीचा ठसा माहीत नसला तर तो १० नंबर दाखवून दार लावून घेतो. भाच्याला एवढंच कळवा: "प्ले कन्सोलमधल्या अ‍ॅप साइनिंगचा शा-१ घेऊन फायरबेसमध्ये टाक." शा-१ म्हणजे तोच सहीचा ठसा, आणि फायरबेस म्हणजे अ‍ॅपचं लॉगिन सांभाळणारी गुगलची सेवा. पाच मिनिटांचं काम आहे. वीसच काय, दोनशे वेळा बटण दाबलंत तरी तुमच्या बाजूने काही होणार नाही.

घड्याळजी
वेळेचाही संबंध असू शकतो.

कोडकरीण
इथे नाही, काका. पण बागवाले, जुनं काढलंत तेव्हा शेवटच्या नोंदी सर्व्हरवर गेल्या होत्या का? रेंज नसताना टाकलेल्या फोनमध्येच राहिल्या असतील तर अ‍ॅपबरोबर त्याही गेल्या.

पावसचा_बागवाला
बागेत रेंज नसतेच.

देवगडकर_खरा
रत्नागिरीचा आंबा ना? मग अर्ध्या पेट्या परत येतील, लॉगिनची काळजी नको.

निवांत_नाना
झालं सुरू. २०१८ च्या हापूसच्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाचही जिल्हे आहेत. भांडण बाहेर न्या.

गृहिणी_पेण
पेंढ्यात पिकवताना देठ वर ठेवायचं की खाली?

पावसचा_बागवाला (बुधवार, दुपारी १.१५)
रात्री अकराला भाच्याने फोन केला. तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, "अरे देवा मामा" म्हणाला आणि अर्ध्या तासात उघडलं. कोडकरीण ताई, आभार. पत्ता निरोपातून कळवा, पेटी पाठवतो.
शुक्रवारपर्यंतच्या नोंदी सगळ्या आहेत. शनिवारच्या ११ पेट्या गायब. नऊ जणांची नावं पैसे आलेल्या मेसेजांवरून लावली. दोघांनी रोख दिले होते, एक दादरचे आणि एक चष्मेवाले, एवढंच आठवतंय. गाडी नऊ घेऊन गेली, दोन पडवीत ठेवल्यात.

मालवणी_मासो
वही घेतलंस काय?